न सापडलेला तडा

आषाढ लागला की माझे कान आपोआप टवकारतात. इतरांना या दिवसांत लावणीचा चिखल आठवतो, तळणीचे वास आठवतात. मला एक आवाज आठवतो. टक. सुकी काडी मोडावी एवढाच असतो तो, पण गेली तेहेतीस वर्षं मी त्याला घाबरून आहे.

यंदा तो आमच्या रोह्याच्या घरात, जिन्यात झाला. शनिवारची दुपार होती, सकाळची शाळा सुटलेली. नवरा कंपनीत, जनरल शिफ्टला. मी डाळ धूत होते. टक. मी नळ बंद केला. पुन्हा टक, आता जरा वरून. हातातलं भांडं तसंच टाकून मी जिन्यात आले आणि भिंत तपासायला लागले. ओल धरलेल्या कोपऱ्यापासून वरपर्यंत बोटं फिरवली, नखाने ठोकून पाहिलं. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाईंचं डोकं फिरलं. पण पेणच्या गणपतीच्या कारखान्यात वाढलेल्या माणसाला टक ऐकल्यावर दुसरं काही सुचतच नाही. आवाज झाला म्हणजे काहीतरी तडकलं, आणि तडकलं ते शोधून काढायलाच हवं.

भिंत धड होती. वरच्या पायऱ्यांवर माझी मुलगी तन्वी उभी होती. दहा वर्षांची, शाळेच्या खो-खोच्या संघातली. एक पाय वर, एक खाली, आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा. "काय झालं गं?" मी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली आणि एक पायरी चढली. तिच्या उजव्या गुडघ्यातून तो आवाज आला, अगदी स्पष्ट. मी तिथेच पायरीवर बसले. माझ्या हातांना अजून डाळीचं पाणी होतं.

कारण तो आवाज मी ओळखला होता. तसा गुडघा आमच्या घरात आणखी एक आहे. माझा.

*

आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची लांबच लांब शेड. बाहेरच्या कोणाला सांगूनही खरं वाटू नये इतकी शांत. दोन्ही बाजूंना फळ्यांच्या मांडण्या, त्यांवर शाडूच्या मूर्ती, आणि मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. आषाढात त्या मूर्ती नुसत्या पांढुरक्या असतात. रंग नाही, दागिने नाहीत, आणि डोळे तर नाहीतच. डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी. तोपर्यंत त्या शेकडो चेहऱ्यांवर डोळ्यांच्या जागी नुसते उंचवटे असतात, मिटलेल्या पापण्यांसारखे. लहानपणापासून त्यांच्यात वावरले तरी एक गोष्ट मला कधी जमली नाही. त्यांच्याकडे पाठ करून चालणं. समोरून त्या माती वाटत, पाठीमागून मात्र वाटत नसत.

माझे वडील, अण्णा, याला हसायचे. "डोळं नाय तवर माती," ते म्हणायचे. "डोळं आलं की देव. मधलं कायबी नसतं." हा त्यांचा एक नियम. दुसरा नियम असा की आखणीला बसलं की एक डोळा काढून हात थांबवायचा नाही. एका डोळ्याने बघणाऱ्या मूर्तीसमोरून उठायचं नाही, बोलायचं नाही. दोन्ही डोळे एका बैठकीत.

अण्णांच्या आखणीपेक्षाही नाव होतं ते त्यांच्या कानाचं. शाडू सुकताना आकसतो. आषाढातला शाडू तर दगाबाज, वरून कोरडा आणि आत ओला. आत कुठेतरी ताण बसतो आणि तडा जातो. "तडा डोळ्याला उशिरा दिसतो, कानाला आधी," असं ते म्हणत. शेडच्या दारात बसून शेडच्या टोकाची मूर्ती तडकलेली त्यांना कळायची. मग ते फळीवरून बोटाच्या पेराने एकेक मूर्ती वाजवत जायचे. धड मूर्ती टणक बोलते. गेलेली भद्द बोलते. ती उतरवून पाण्याच्या टाकीत भिजत घालायची, तिचा पुन्हा लगदा करायचा. तड्यात लांबी भरून, वर रंग मारून ती खपवणारे गावात होते. अण्णा त्यातले नव्हते. कुणाच्या घरी मखरात बसलेली मूर्ती दीड दिवसात का होईना तडकली, तर ते घर वर्षभर जीव मुठीत धरून राहतं. हे त्यांनी एकदा पाहिलं होतं, कुठे ते कधी सांगितलं नाही. त्यामुळे तडा ऐकला आणि सापडला नाही, ही गोष्ट त्यांना सहन होण्यातली नव्हती.

आणि त्या आषाढात नेमकं तेच झालं.

*

मी दहा वर्षांची होते. त्या वर्षी अण्णांनी मला शब्द दिला होता, एका मूर्तीची आखणी मी करायची. वीतभर उंचीची लहान मूर्ती, उजव्या मांडणीच्या खालच्या फळीवर, शेवटून दुसरी. ती माझी. तिच्यापाशी मी तासन्‌तास उकिडवी बसायचे. ओल्या बोटाने तिचे गुडघे गुळगुळीत करायचे. डोळे कुठे येतील ते मनातल्या मनात काढायचे.

टक पहिल्यांदा तिथेच झाला. जेवणानंतरची वेळ, कारागीर पोत्यांवर आडवे झालेले, वीज गेलेली. पत्र्यावर पावसाचा आवाजही नव्हता. मी उठले आणि पाय सरळ होता होता उजव्या गुडघ्यात काहीतरी सरकलं. दुखलं नाही. आत एखादी जड वस्तू एका जागेवरून उचलून कोणी दुसऱ्या जागेवर ठेवावी तसं वाटलं. आणि आवाज झाला.

दारातून अण्णांचा आवाज आला, "कोन?"

ते 'काय' म्हणाले नाहीत, 'कोन' म्हणाले. ते मला अजून आठवतं.

ते आत आले. माझ्याच फळीपाशी थांबले. एकेक मूर्ती वाजवली. टण, टण, टण. माझ्या डावीकडची वाजवली, मग हात माझ्या डोक्यावरून नेऊन उजवीकडची वाजवली. सगळ्या धड. कपाळाला आठ्या घालून ते परत गेले. मला तेवढं वाजवून बघितलं नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. इतकं सोपं होतं. "अण्णा, माझा पाय वाजला." चार शब्द. पण मुलांची अक्कल निराळीच चालते. आळीतल्या एका मुलाचा पाय अधू होता, आणि त्याला घरातून बाहेर पडू देत नसत. पायात खोट आहे असं कळलं तर मलाही घरी बसवतील, माझी आखणी जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. अळीमिळी गुपचिळी. उद्या नाही वाजणार, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशीही वाजला. तिसऱ्या दिवशीही. मी उठताना जपायचे, हात टेकायचे, पाय वाकडा ठेवायचे. कधी साधायचं, कधी नाही. दर वेळी अण्णा यायचे, दर वेळी त्याच फळीपाशी थांबायचे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसं. फक्त कळशालाच तोंड होतं आणि ते मिटलेलं होतं.

आमच्याकडे भिवाकाका म्हणून कारागीर होते, खाडीकाठच्या गावचे. आधी मिठागरात काम केलेलं, पाय मिठाने चिरलेले. बोलायला गोड माणूस. त्यांनी आठवडाभर हा प्रकार पाहिला आणि एका दुपारी विडी विझवून मला म्हणाले, "बाय गो, तू त्या फलीपाशी बसू नको."

"का?"

"बसून बसून कंटाला येतो मातीला. ती उठाया बघते. गुडघं मोडतात तिचं. तोच आवाज तो."

ते हसत नव्हते. त्या दिवसापासून ते दुपारचे शेडमध्ये पाऊल टाकेनात. माझी मात्र पंचाईत झाली. आवाज माझ्या पायाचा आहे हे मला ठाऊक होतं, पण तो माझ्या पायात आला कुठून, हे कुठे ठाऊक होतं? मी समोर पाहिलं की शेकडो मांड्या, शेकडो गुडघे, एकही सरळ न झालेला. आणि त्या सगळ्यांच्या वतीने फक्त माझा वाजत होता. वाटायचं, यांचंच काहीतरी माझ्यात येऊन बसलंय. रात्री अंथरुणात मी गुडघ्यावर हात ठेवून झोपायचे, ते उठू नये म्हणून.

*

अण्णा त्या दिवसांत बारीक झाले. जेवताना घास हातात धरून ऐकत बसायचे. इतर कारखान्यांतले लोक त्यांना मूर्ती वाजवायला बोलवायचे. ते जाईनासे झाले. "माज्या फळीवर तडा हाय नि मला गावत नाय. दुसऱ्याच्या काय सांगू?" असं आईला म्हणताना मी ऐकलं.

शेवटी एका सकाळी ते उठले आणि ती खालची फळी रिकामी केली. नऊ मूर्ती. एकेक उचलून टाकीपाशी नेली. दिसत नसला तरी तडा आतून असणार, आणि असली मूर्ती मी कुणाच्या घरात जाऊ देणार नाही, एवढंच म्हणाले. शेवटून दुसरी उचलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुजी हाय ना गो ही? दुसरी देईन."

मी मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते त्यांनाही कळलं नसेल.

शाडू पाण्यात लगेच विरत नाही. आधी बारीक बुडबुडे येतात. मग खालचा भाग सैल होतो. टाकीच्या कडेला हनुवटी टेकवून मी पाहत होते. माझ्या मूर्तीचे गुडघे आधी विरघळले. मी घासून घासून गुळगुळीत केलेले. ती पुढे कलली आणि डोळे नसलेला चेहरा हळूहळू पाण्याखाली गेला. अजूनही बादलीत काही भिजत घातलं की मी तिथून निघून जाते.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले ती जीव राहवेना म्हणून. रिकाम्या फळीपाशी बसले. आता इथे काहीच नाही, आता घाबरायचं कशाला, असं म्हणून उठले, आणि बेसावध होते.

टक.

अण्णा आले. त्या वेळी ते चालत आले नाहीत, धावत आले. फळीवर एकही मूर्ती नव्हती. नऊ मूर्तींच्या बुडांच्या नऊ ओल्या खुणा होत्या फक्त. अण्णा त्या रिकाम्या फळीकडे बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. घाबरलेले वडील मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मग ते माझ्या शेजारी खाली बसले, दोन्ही हातांनी कान झाकले आणि तसेच बसून राहिले.

त्यानंतर मी शेडमध्ये गेले नाही. अभ्यास, पोटदुखी, काय वाटेल ते सांगितलं. आखणीचा विषय कोणी काढला नाही. दुसऱ्या वर्षापासून अण्णांनी शाडू सोडला आणि प्लास्टरच्या मूर्ती सुरू केल्या. लोकांना वाटलं, काळाबरोबर गेले. घरात मात्र ते एकदाच बोलले, "प्लास्टरला कान लागत नाय." ज्या माणसाच्या कानावर अर्धं पेण विसंबून होतं, तो माणूस माझ्या एका गुडघ्यापायी बहिऱ्यासारखा जगला. हे मला तेव्हाही कळत होतं. वय वाढलं तसं जास्त कळत गेलं, आणि तसतसं सांगणं जास्त कठीण होत गेलं.

*

माझा गुडघा आयुष्यभर वाजला आणि कधी दुखला नाही. लग्नानंतर नवऱ्याने विचारलं, "तुझ्या पायात घड्याळ बसवलंय का?" सासूबाई म्हणाल्या, वाटी सरकत असेल, तेल चोळ. मी शाळेत विज्ञान शिकवते. गुडघा हा बिजागरीचा सांधा, असं वीस वर्षं फळ्यावर लिहितेय, आणि खडू उचलायला वाकून उठले की पहिल्या बाकावरची मुलं एकमेकांकडे बघतात. पण मी कधी डॉक्टरकडे गेले नाही. चोराच्या मनात चांदणं. डॉक्टर म्हणाले असते, कधीपासून आहे? आणि मला तो आषाढ सांगावा लागला असता. पेणला गेले की अण्णांसमोर मी खुर्चीवर बसायचे आणि ते आत गेल्यावरच उठायचे.

तन्वीला विचारलं, "कधीपासून वाजतंय?" तर म्हणाली, "मागच्या वर्षीपासून." मग हळूच, "संघातून काढतील म्हणून नाही सांगितलं."

खो-खोत पाटीवर उकिडवं बसायचं, खो मिळाला की झटक्यात उठायचं. दर वेळी टक. आणि दर वेळी ही पोर आजूबाजूला बघत असणार, कोणी ऐकलं का म्हणून. मला तिला जवळ घ्यायचं होतं आणि थोबाडीतही द्यायची होती, आणि दोन्ही खरं तर दहा वर्षांच्या मलाच.

पनवेलला तिचा एमआरआय काढला. त्या बोगद्यात तिला सरकवलं, आणि यंत्राने ठोकायला सुरुवात केली. टक टक टक टक. काचेपलीकडे तिचं डोकं तेवढं दिसत होतं, पाय आत होते, हलू नयेत म्हणून बांधलेले. कोणीतरी आत बसून तिला पेराने वाजवून बघत होतं, धड आहे की गेलेली. अण्णांनी त्या दुपारी जे माझं करायला हवं होतं, ते आता होत होतं. मी बाकाची कड घट्ट धरून बसले होते.

डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. पडद्यावर गुडघ्याच्या चकत्या एकामागून एक सरकवत गेले. "मांडीचं हाड आणि नडगीचं हाड, यांच्यामध्ये दोन गाद्या असतात. कूर्चेच्या. वरून पाहिलं तर चंद्रकोरीसारख्या, मधे मोकळ्या. ही काळी रेघ बघा, दोनतीन चित्रांनंतर मधोमध तुटायला हवी." ते सरकवत राहिले. रेघ तुटेना. पुढच्या चित्रातही सलग, त्याच्या पुढच्याही. "हिची बाहेरच्या बाजूची गादी कोर नाहीच. पूर्ण चकती आहे, आणि जाड. याला डिस्कॉइड मेनिस्कस म्हणतात. पाय सरळ होताना हाड त्या जाड कडेवरून घसरतं, तो आवाज."

"फाटलीय का?"

"नाही. कुठे चीर नाही."

"मग हे झालं कशाने? पडली नाही, काही नाही."

"झालं नाही. जन्मापासून तशीच घडलीय."

मी माझा पाय पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा कोणासमोर मुद्दाम वाजवून दाखवला. त्यांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला अंगठा ठेवला, पाय दोनदा वाकवला, सरळ केला. "फोटो काढल्याशिवाय नक्की सांगणार नाही," ते म्हणाले, "पण लक्षणं तीच दिसतात. काही घरांत असं दोघातिघांत सापडतं." तन्वीला त्यांनी खेळायला परवानगी दिली. दुखत नाही, पाय पूर्ण सरळ होतो, तर कापाकापी करायची नाही, फक्त लक्ष ठेवायचं. दुखायला लागला, सुजला, मधेच अडकला तर लगेच यायचं. मग दुर्बिणीतून ती गादी कोरून कोरीसारखी करता येते. "आणि लपवायचं नाही," ते तिला म्हणाले. मान मीच खाली घातली.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं. चीर नाही. तडा कुठेच नव्हता. भिवाकाकांची उठू पाहणारी मातीही नव्हती. चंद्रकोरीच्या जागी पुरा चंद्र होता, इतकंच. हे कळलं म्हणजे भीती जायला हवी होती. पण त्या रात्री गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा ती काळी न तुटणारी रेघ डोळ्यांसमोर आली, आणि वाटलं, आपल्या आत काय काय घडवलेलं असतं आणि ते कोणी कधी पाहिलेलं नसतं.

*

रविवारी रोह्याहून सकाळची गाडी धरली. निडी स्टेशनात गाडी बराच वेळ उभी राहिली. रुळांच्या दोन्ही अंगांना लावणी झालेली खाचरं, पाणी आणि त्यात आभाळ. एका खाचरात एक बाई ओणवी होती. गाडी उभी होती तेवढा सगळा वेळ ती तशीच होती, जराही हलली नाही. तन्वी म्हणाली, "आई, ती बाई आहे की बुजगावणं?" मला सांगता येईना. गाडी हलली तेव्हा मी मागे वळून पाहिलं नाही.

पेणला कारखाना आता माझा भाऊ बघतो. लोक पुन्हा शाडू मागायला लागलेत, म्हणून दादाने दोन वर्षांपासून एका मांडणीवर शाडू घेतलाय. पण त्याला कान नाही. गेल्या वर्षी त्याच्या तीन मूर्ती गिऱ्हाइकाच्या दारात तडकल्या. आम्ही पोचलो तेव्हा तो अण्णांची मनधरणीच करत होता.

"अण्णा, एकदा फक्त फळीवरून फिरा. बस्स."

"नको. माजा कान फसवा हाय." अण्णा दारातल्या खुर्चीत बसले होते. ऐंशी उलटलेले, हात बारीक, पण मान अजून त्याच बाजूला कललेली, ऐकणाऱ्या माणसाची.

मी वाटभर काय काय जुळवलं होतं. त्यातलं काहीच आलं नाही. "अण्णा," मी म्हटलं, "फळीवरचा तो आवाज माझ्या गुडघ्याचा होता."

त्यांनी कुठला आवाज असं विचारलं नाही. मी तन्वीला खाली बसून उठायला सांगितलं. ती उठली. टक.

अण्णांची नजर आधी फळीवर गेली. मग तन्वीवर आली.

"परत ऊठ गो."

टक.

"परत."

तिसऱ्यांदा त्यांनी आपला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला होता. मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. दोन हाडांच्या मधली गादी, चंद्रकोरीसारखी हवी ती अख्ख्या भाकरीसारखी.

"साच्यातच तशी?" त्यांनी विचारलं.

"हो. साच्यातच तशी."

"मग तो तडा नाय."

"नाही, अण्णा. तडा कधीच नव्हता."

त्यांनी तन्वीच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "म्हंजे त्या नवाच्या नव धड व्हत्या."

तू सांगितलं का नाहीस, हे विचारतील म्हणून मी तेहेतीस वर्षं उत्तरं जमवली होती. त्यांनी त्या मूर्तींचंच काढलं. मला रडू आलं, पोरीसमोर, भावासमोर. "मी घाबरले होते," एवढंच म्हणता आलं.

"मी पन," अण्णा म्हणाले. "तू यायची बंद झालीस तरी मला तो आवाज येतच व्हता. किती वर्सं. जेवताना यायचा, देवळात यायचा. मला वाटायचं, माज्याच डोक्याला चीर गेली."

ते खुर्चीचा हात धरून उठले. दादा आधाराला पुढे झाला, त्याला त्यांनी बाजूला केलं आणि शाडूच्या मांडणीशी गेले. बोटाचं पेर वर आलं. टण. टण. टण. तो आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. पंधरावीस मूर्ती झाल्या, सगळ्या धड. ते शेवटाला पोचले, हात खाली घेतला, आणि शेड शांत झाली.

टक.

दादाने माझ्याकडे पाहिलं. तन्वी स्टुलावर बसली होती, पाय लोंबकळत. मी मघापासून खांबाला टेकून उभी होते, जागची हलले नव्हते. "मी नाही," मी म्हणाले, अगदी दहा वर्षांच्या पोरीसारखं.

अण्णा मात्र शांत होते. ते मागे वळले, चार मूर्ती सोडून पाचवीपाशी थांबले. मघाशी ती टणक बोलली होती. आता वाजवली. भद्द.

"ही खरी," ते म्हणाले.

दादाने मोबाईलचा उजेड मारून ती चहूबाजूंनी पाहिली. "काय दिसत नाय, अण्णा."

"दिसंल."

वहिनीने चहा आणला. आमचे कप रिकामे व्हायच्या आत त्या मूर्तीच्या बैठकीपासून कमरेपर्यंत केसाएवढी रेघ वर चढली. आम्ही ती चढताना पाहिली. दादा ती मूर्ती उचलून टाकीकडे घेऊन गेला. मी तिकडे पाहिलं नाही. अण्णांचा चेहरा पाहिला. त्यांची मान सरळ झाली होती.

मग ते मांडणीच्या आतल्या बाजूला गेले आणि नमुन्यासाठी आधीच रंगवलेली एक वीतभर मूर्ती घेऊन आले. बुटक्या पाटावर माझ्यासमोर ठेवली. शेजारी बारीक कुंचला आणि काळ्या रंगाची वाटी.

"तुजी आखणी ऱ्हायली हाय," ते म्हणाले. "थांबायचं नाय, ठाव हाय ना?"

मी उकिडवी बसले. मिटल्यासारख्या त्या उंचवट्यांकडे पाहिलं, श्वास धरला आणि डावा डोळा काढला. तो काढून होताच त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळी शेड गप्प होती. आता उजवा. तो त्या बाजूने नीट दिसेना, म्हणून मी कुंचला खाली न ठेवता, मूर्तीसमोरून न हलता जराशी उठले, आणि माझा गुडघा वाजला, चांगला मोठ्याने.

कोणीही मान वर केली नाही.